ड्रायव्हर जुळत नाही

"तुमच्या बोटाने चालतो, माझ्या बोटाने चालतो, त्याचं काय लोणचं घालू? बाबांच्या बोटाने चालवून दाखवा."

मुलीच्या या बोलण्यावर दुरुस्तीवाल्याने मान खाली घातली. दहा दिवसांतली ही त्याची चौथी खेप. लॅपटॉप जुना, चालू व्हायलाच नखरे करायचा, म्हणून त्यानेच जुनी सिस्टिम काढून नवी घातली होती. त्या दिवसापासून पलंगावरच्या म्हाताऱ्याचं बोलणं बंद पडलं होतं. तोंडाने बोलणं तसं दोन वर्षांपूर्वीच गेलेलं. उरलं होतं ते उजव्या हाताचं एक बोट. ते टचपॅडवर ठेवायचं, पडद्यावरच्या तक्त्यात बाण हव्या त्या अक्षरावर नेऊन थांबवायचा, की अक्षर उमटे. 'पंखा कमी' एवढं लिहायला पाव तास लागे. पण म्हाताऱ्याने जन्मभर कुरकुर केली होती, आणि ती सोडायचा त्याचा विचार नव्हता.

"नव्या सिस्टिमचा ड्रायव्हर हलका स्पर्श धरत नाही," असं दुरुस्तीवाला पहिल्या खेपेला म्हणाला होता. ड्रायव्हर म्हणजे टचपॅड आणि सिस्टिम यांच्यातला दुभाषा. तोच बहिरा निघाला तर बोटाने तरी काय करावं? हे त्याला मनापासून पटलंही होतं. मग नवी सिस्टिम गेली, फुकटात मिळणारी तिसरीच आली, तीही गेली. आज त्याने कुठून कुठून शोधून पहिलीच सिस्टिम आणि तिचा तेव्हाचाच ड्रायव्हर आणून बसवला होता. सगळं होतं तसं.

"आज चालायलाच पाहिजे, ताई."

मुलीने त्याला दाराशी बोलावलं आणि आवाज खाली आणला. "डॉक्टर म्हणाले होते, सगळ्यात शेवटी बोट जाईल. आणि मग फार तर आठ-पंधरा दिवस. पण बोट शाबूत आहे. मी रोज तेल लावून चोळते ना." एवढं बोलून ती चहा टाकायला आत गेली.

त्याने टचपॅड सगळ्यात हलक्या स्पर्शावर लावला. स्वतःची करंगळी नुसती टेकवली, तर बाण पळत सुटला. मग म्हाताऱ्याचं बोट उचलून टचपॅडवर ठेवलं.

"काका, हलवा."

म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम आला. मानेच्या शिरा ताठ झाल्या. बाण होता तिथेच राहिला.

दुरुस्तीवाल्याने त्याचं मनगट धरलं आणि हात अगदी तसूभर ओढला. बाण लगेच हलला, तक्त्यावरून थेट 'प'वर जाऊन थांबला. अक्षर उमटलं. मनगट सोडलं. बाण हलेना. पुन्हा ओढलं, पुन्हा सोडलं. पुन्हा तेच झालं.

चूक आपली नव्हती, आजच नाही तर पहिल्या दिवसापासून नव्हती, हे कळल्यावर त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.

त्याने वर पाहिलं. म्हातारा पडद्याकडे बघतच नव्हता, त्याच्याकडे बघत होता. त्या नजरेत आश्चर्य अजिबात नव्हतं. दहा दिवस तीन तीन सिस्टिमी बदलल्या गेल्या, आणि कुणाचं काय बिघडलंय ते या माणसाला आधीपासून ठाऊक होतं.

एकदा डोळे मिटले की हो, दोनदा मिटले की नाही, हे मुलीने पहिल्याच खेपेला दुरुस्तीवाल्याला शिकवलं होतं. तो पलंगावर वाकला.

"काका, ताईंना सांगू?"

म्हाताऱ्याने दोनदा डोळे मिटले.

मुलगी कप घेऊन बाहेर आली. "चाललं?"

"नाही, ताई." त्याने लॅपटॉप मिटला. "चूक माझीच. जुनी सिस्टिम काढायलाच नको होती. ड्रायव्हर जुळत नाही."

"मी पहिल्या दिवसापासून दुसरं काय सांगतेय?" ती म्हणाली, पण रागाने नाही. दहा दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल झाला. तिने कप त्याच्या हातात दिला आणि बसायला खुर्ची ओढून दिली. "मग आता?"

"दुसरा शोधतो. महिनाभर तरी लागेल."

"लागू दे. बोट शाबूत आहे, मग घाई कसली?"

तिने बाबांचा हात उचलून पांघरुणाखाली ठेवला, बोटाला काही होऊ नये अशा बेताने. मग त्यांच्या कानाशी वाकली.

"बाबा, महिनाभर थांबायचंय. थांबाल ना?"

दुरुस्तीवाला कपात बघत राहिला.

म्हाताऱ्याने एकदाच डोळे मिटले.