डाग कुणाच्या बाजूला?

वर्षानुवर्षं फडकं न लागलेल्या खिडक्या घासून कारागिराचे हात भरून आले होते. शेवटच्या दुहेरी काचेवरचा एक डाग मात्र हटायचं नाव घेत नव्हता.

"ह्यांना सांगा, डाग बाहेरून आहे," काकू आतून म्हणाल्या.

"तिला सांगा, आतूनच आहे," काका बाहेरून म्हणाले.

सकाळपासून दोघं एकमेकांशी त्याच्याच तोंडून बोलत होते. आत-बाहेर हेलपाटे घालून तो मेटाकुटीला आला होता.

"अहो, कुणाच्याच बाजूला नाही!" तो वैतागला. "दोन काचांच्या मधे आहे. पुसून जायचा नाही, जोडीच बदलावी लागेल. भाव सांगू?"

डागाच्या दोन्ही बाजूंनी काका-काकूंनी एकमेकांकडे पाहिलं.



"राहू दे हो," दोघं एकदमच म्हणाले, "आता सवय झालीय."