बाबांच्या खोलीचं तापमान

ती काम करायची त्या कंपनीचा, यंत्रांचे निरोप पोचवणारा सर्व्हर तुंबला होता. “मेलेल्या जोडण्या जागा अडवून बसल्यात, तोडून टाक,” साहेब म्हणाले. एकेक तोडत ती बाबांच्या खोलीतल्या यंत्राच्या जोडणीपाशी थांबली. परगावातल्या लेकीला, म्हणजे तिला, तिच्याच सर्व्हरवरून तिथलं तापमान कळावं म्हणून बाबांनी ते हौसेनं बनवलं होतं. बाबा गेले, यंत्र गप्प झालं. पण न सांगता गेलेल्याला सर्व्हर हजरच धरतो. तिनं जोडणी तोडली आणि आईला फोन लावला. “आई, बाबांचं यंत्र बंद का गं?” “मीच वायर काढली. त्याचा दिवा बघवेना. त्या खोलीत जातच नाही मी.” “आज लावतेस? मला हवंय.” बऱ्याच वेळानं फोनमध्ये खोलीचं दार करकरलं. पडद्यावर नवी जोडणी उमटली. “किती दाखवतंय?” आईनं विचारलं. “बत्तीस.” “एव्हाना त्यांनी पंख्यासाठी घर डोक्यावर घेतलं असतं.” फोनमधून पंख्याची घरघर ऐकू आली.