जपून ठेवलेली नंदा

वच्छलाबाईंनी बाकावर ओलं फडकं फिरवलं, पदराने कोरडं केलं आणि मगच नंदाला बसू दिलं. यवतमाळच्या त्या दवाखान्याच्या आवारात दुखणाईत माणसं खोकत बसली होती.

नंदा सतरा वर्षांची असताना एका डॉक्टरने तिचं रक्त तपासलं होतं. पांढऱ्या पेशी फार कमी आहेत, हे जन्मजात आहे, साधा तापही जिवावर बेतेल, असं सांगून तो मोकळा झाला. तेव्हापासून मुकुटबनच्या घरात नंदाचं ताट वेगळं, पाणी उकळलेलं, खोली शेवटची. लग्नकार्य नाही, जत्रा नाही, शेजारणीचं तान्हं मूल मांडीवर घेणं नाही. एवढ्या वर्षांत तिला एकदाही ताप आला नाही. श्रेय अर्थातच आईच्या जपणुकीला.

नवरा वारल्यावर लेकीला जपणं हाच वच्छलाबाईंचा संसार झाला. गाव त्यांचं नाव काढी. कुणाकडे ताप आला, देवी आल्या, की उशाशी याच बाई. घरी आल्यावर आंघोळ केल्याशिवाय लेकीजवळ फिरकत नसत. त्यांना स्वतःला कधी पडसंसुद्धा झालं नाही.

फाटकाशी केळापूरचे किसनराव उभे होते. बिजवर, पण माणूस सरळ. हुंडा नको म्हणाले होते. एका बायकोला मातीआड केलंय, दुसरीच्या जिवाशी खेळणार नाही, डॉक्टर हो म्हणाले तर याच महिन्यात लग्न, एवढंच त्यांचं म्हणणं. येताना त्यांनी संत्री आणली होती. त्यातलं एक नंदाने हातात घट्ट धरलं होतं. तिला हे लग्न हवं होतं. आयुष्यात तिने मागितलेली ही एकच गोष्ट.

नवा डॉक्टर तरुण होता. सकाळी त्याने नंदाचं रक्त घेतलं, आईचंही घेतलं. मले धडधाकट बाईले कायले टोचता, म्हणून वच्छलाबाई हसल्या होत्या. आता कंपाउंडरने हाक मारली, तशी नंदाही उठली. वच्छलाबाईंनी तिला खांद्याला धरून परत बसवलं.

"तू बस. आत समदे दुखणाईत हायेत. मी जाऊन येतो."

वच्छलाबाई बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. चेहरा पार उतरला होता. लेकीशेजारी बसल्या आणि फडक्याची घडी घालत राहिल्या.

"काय म्हनते डॉक्टर, माय?"

"पेशी कमीच हायेत अजून."

"मंग लग्न?"

"नाही म्हनते."

नंदाने वाद घातला नाही. तिला ती सवयच नव्हती. स्वतःच फाटकापर्यंत जाऊन तिने किसनरावांना सांगितलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले. पांढरकवड्याची एक मुलगी सांगून आलीय, तिकडे आता होकार कळवावा लागेल, असं म्हणाले आणि एसटीकडे चालू लागले. गाडी सुटेपर्यंत नंदा तिथेच उभी होती.

ती परतली तेव्हा वच्छलाबाई तिच्यासाठी संत्रं धुऊन सोलत होत्या. तेवढ्यात डॉक्टर सायकल घेऊन बाहेर आला. दोघींना पाहून थांबला, हसला.

"अजून इथंच? मला वाटलं, पेढे आणायला गेला असाल. आईंच्या पेशी तर तुमच्याहूनही कमी निघाल्या, आणि त्यांना जन्मात कधी ताप आला नाही. तुमच्या घरचं रक्तच तसं आहे, त्याने काही होत नाही. मी सांगितलं त्यांना, खुशाल लग्न लावा."