क्लचचा प्ले

सलग चौथ्या सकाळी हर्लन कंबर धरत गाडीखाली सरकला. साठ वर्षांची ती ऑटोमॅटिक गाडी. तिला जन्मात क्लच ठाऊक नव्हता. आता तो तिला हाताचे गिअर बसवत होता. रोज क्लचचा दांडा जुळवून पेडलला इंचभर प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, ठेवायचा, आणि रोज सकाळी तो संपलेला असायचा. प्ले संपतो तो क्लच झिजला की, आणि एवढा झिजायला हजारो मैल लागतात. गाडी तर चाकं काढून ठोकळ्यांवर उभी, इंजिन थंडगार.

"लग्न माझ्याशी केलंस की हिच्याशी?" म्हणत त्याची बायको जोनी सीटवर बसली.

"बडबड नको. पेडल दाब."

दांडा पुढे सरकला.

"सोड."

दांडा तसाच राहिला.

"सोड ना गं! हात भरून आलेत माझे."

"कधीच सोडलंय." तिचा आवाज बारीक झाला. "हर्लन, माझे दोन्ही पाय सीटवर आहेत. पेडल खालीच आहे."

दांडा किंचित थरथरला. मग मुरलेल्या ड्रायव्हरनं क्लच सोडावा तसा, अगदी सावकाश मागे आला.

आणि इंजिन बंद असताना, हर्लनच्या नाकासमोरचा चाकांकडे जाणारा शाफ्ट हळूहळू फिरायला लागला.