निजवलेलं विरजण

म्हैस आटली की अव्वा दह्यात फडकं बुडवायची, सावलीत वाळवायची आणि मडक्यात जपून ठेवायची. म्हणायची, "निजू द्या त्याला. दूध सुरू झालं की उठल." गेल्या उन्हाळ्यात म्हैस आटली आणि ती विण्याआधी अव्वाच गेली. अप्पांनी म्हैस विकून टाकली. तेव्हापासून ते अर्ध्या भाकरीवरच हात धुवायचे.

त्यांची लेक शिवरंजनी कॉलेजात जिवाणू शिकवायची. सुट्टीत गावी चारठाण्याला आली, तेव्हा तिला मडक्यात ते कडक झालेलं फडकं सापडलं. तिनं नाकाशी धरलं. तोच आंबूस वास. शेजारून दूध आणून कोमट केलं आणि फडकं त्यात सोडलं.

"मेलं असल ते आता," अप्पा म्हणाले.

"न्हाई अप्पा. खायला मिळंना झालं की हे जिवाणू आकसतेत, सगळी कामं बंद करून गप पडून राहतेत. पण सगळेच मरत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी दुपारी दही घट्ट लागलं होतं. अप्पांनी आधी नुसतं बोट चाटलं. मग दह्यात चुरून अख्खी भाकर खाल्ली.

"सगळं संपवू नको," हात धुता धुता ते म्हणाले. "विरजणाला ठेव थोडं. जिंतूरच्या बाजारात म्हैस बघून येतो."