रापणीचा वाटा

मुंबईहून वर्षभराने आलेल्या प्रितमने गोळ्यांचं पाकीट बहीण किशोरीपुढे आपटलं. "आईक रोज एक दी, गप झोपान रवतली." अल्झायमर झालेली आई उजाडताच किनाऱ्याकडे धावायची, अडवलं की दार बडवायची. किशोरीचं डोकंच फिरलं. "आठवणीची गोळी मी देतंय. ही गुंगीची कित्याक? डॉक्टरान सांगल्यान, आधी तिच्या हाताक काम दी. तुका आई व्हयी काय ओंडको?" तिने बांगडा मासळीची पाटी आईसमोर ठेवली. किनाऱ्यावर रापणीच्या जाळ्याची दोरी ओढायला जो हात लावतो, त्याला मासळीचा वाटा मिळतो. ते वाटे लावण्यात आईचा जन्म गेला होता. दार बडवणारी आई फतकल मारून बसली आणि भराभर वाटे लावू लागली. "हो किशोरीचो, हो शेजारच्या तुळसाचो." "माझो खंय गो?" प्रितमने विचारलं. आईने त्याला निरखलं. "तू दोरी वडूक इलंस काय रे?"