धुण्याचं कुरण

"आली बघ," एल्स्पेथ म्हणाली आणि तिने बेकरीच्या काचेला नाक लावलं.

कारभाऱ्याची बायको ऊना चर्चमागून बाहेर पडत होती. एका हातात कुत्र्याचा पट्टा, दुसऱ्या हातावर झाकलेली टोपली. टेकडीवरच्या घरातून निघताना तिच्या हातात नुसता पट्टा असायचा, चर्चमागून बाहेर यायची ती टोपली घेऊन. दर सोमवारी हेच. घरात दोन-दोन मशीनं असताना ही बाई गावाच्या कुरणात धुणं वाळत घालायला उतरते, म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं.

"हौस असेल तिला," बेकरीवाली नेटा म्हणाली.

"जहागिरीच्या कारभाऱ्याकडे कसली हौस? आज दोरीवर चादर, उद्या खांबावर पाटी, परवा कुंपण. बोट दिलं की मनगट धरतात ही माणसं."

"चादरी मात्र कोरड्या असतात हं," नेटा जरा विचार करून म्हणाली. "मागे ती घालत असतानाच वाऱ्याने एक उडून माझ्या दारात आली होती. हात लावून बघितला."

"कोरड्या चादरी वाळत घालते?" एल्स्पेथने कोट चढवला. "चल. आज सोक्षमोक्षच लावू."

एल्स्पेथला तसा अधिकार होता. जुन्या तुरुंगातलं गावचं संग्रहालय तीच चालवायची. कुरणाची गोष्ट तिने इतक्या पाहुण्यांना सांगितली होती, की ती आता झोपेतही म्हणू शकली असती. फार पूर्वी एका जहागीरदारणीने नदीकाठचं हे कुरण बर्नम्यूर गावच्या बायकांना धुणं वाळवायला दिलं. अट एकच. ऊन असो, पाऊस असो, सोमवारी तिथल्या दोरीवर गावातल्या घरचं धुणं दिसलं पाहिजे. ज्या सोमवारी दोरी रिकामी राहील, त्या दिवशी कुरण परत जहागिरीचं. इथवर आलं की एल्स्पेथ रुमाल काढायची. पाहुणेही काढायचे.

कारभाऱ्याला तिथे सुट्टीवर येणाऱ्यांच्या गाड्यांचा तळ करायचा होता, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गावातली बँक गेली होती, शाळा पलीकडच्या गावात गेली होती, बस मनात आलं तर यायची. आपलं म्हणावं असं हे कुरणच काय ते उरलं होतं. तेही गेलं तर बर्नम्यूर नुसतं रस्त्यावरचं एक वळण होईल, याची एल्स्पेथला खरोखर भीती वाटायची.

दोघी कुरणात पोचल्या तेव्हा ऊना शेवटचा चिमटा लावत होती. एल्स्पेथने नमस्कार-चमत्कार केला नाही. सरळ जाऊन तिने एक चादर ओढली, मग दुसरी. चिमटे गवतात उडाले. कुत्रं भुंकायला लागलं. तिसऱ्या चादरीच्या कोपऱ्याशी मात्र तिचा हात थांबला. तिथे लाल दोऱ्याने एक छोटं मेंढरू काढलेलं होतं, जरा वाकडंच. असं वाकडं मेंढरू गावात एकच बाई काढायची. म्हातारी एफी. ती गेल्या हिवाळ्यात वारली, तेव्हा सगळं गाव तिच्या मागून चाललं होतं.

"कारभारीणबाई," एल्स्पेथ म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "जित्या माणसांचं लुटून झालं, आता मेलेल्यांच्या चादरीही सुटत नाहीत होय?"

"एफीनेच दिल्यात," ऊना म्हणाली. "माझ्या चादरी इथे चालल्या नसत्या, धुणं गावातल्या घरचंच लागतं. मी पडले डोंगरापलीकडची."

"तुला? आणि कशाला म्हणून?"

"दर सोमवारी घालायला. ती म्हणाली, माझ्यामागे गावातल्या कुणाला आठवण होईपर्यंत तू घाल. आणि कुणाला बोलू नकोस, उगाच लाजतील."

एल्स्पेथने दोरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. त्या तीन चादरींशिवाय तिथे काही नव्हतं. आता त्याही नव्हत्या.

"मला वाटलं, तू घालत असशील," नेटा नदीकडे बघत पुटपुटली.

"मला वाटलं, तू," एल्स्पेथ म्हणाली. तिच्या घरी या घटकेला तिचं आठवड्याचं धुणं मशीनमध्ये गरगर फिरत होतं, वाळून कडकडीत होऊन बाहेर यायला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऊनाने चादरी गोळा केल्या, नीट घड्या घातल्या आणि टोपलीत ठेवल्या. पुन्हा दोरीवर घालायचं काही तिने मनावर घेतलं नाही.

"तुझ्या नवऱ्याला कळलं तर?" एल्स्पेथने विचारलं. या वेळी आवाज अगदी खाली आला होता.

"म्हणून तर टोपली चर्चमागच्या खोपटात असते. दर सोमवारी तोच मला पाठवतो. म्हणतो, कुत्र्याला फिरवायला जातेसच, तर दोरी रिकामी आहे का तेवढं बघून ये. मी परत जाऊन सांगते, गावातल्या बायकांचं धुणं आहे म्हणून."

गवतात पडलेले चिमटे तिने एकेक करून वेचले आणि रिकाम्या दोरीकडे बोट करत एल्स्पेथच्या हातात दिले.

"इतके दिवस नवऱ्याशी खोटं बोलत आले, एल्स्पेथबाई. आज तरी मला खरं बोलू द्या."